ऐब सांगून माल विकणारे इमाम अबू हनीफा (रह.)

इमाम अबू हनीफा (रह.) यांचं नाव आपल्या घरांत नेहमीच निघतं. नमाज, रोजा, निकाह, वारसा असा कुठलाही मसला आला की हनफी मसलकात काय सांगितलंय, हे आपण मौलानांना विचारतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र इथले बहुतेक मुस्लिम हनफी आहेत. कोकणातले आपले बांधव शाफई असले तरी इमाम साहेबांचा आदर त्यांच्याकडेही तेवढाच आहे. मात्र या थोर इमामांनी आयुष्यभर पोट भरलं ते कापडाच्या दुकानावर, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असतं?

आज आपण त्यांचं आयुष्य या दुकानाच्या बाजूने बघणार आहोत. त्याला कारणही आहे. आपल्या गावांत, मोहल्ल्यांत सध्या सगळ्यात जास्त भांडणं होतात ती जमिनीवरून. प्लॉट घेतला आणि नंतर कळलं की त्यात बहिणींचा हिस्सा होता. शेत घेतलं आणि नंतर कळलं की त्यावर सोसायटीचं कर्ज आहे. विकणाऱ्याला सगळं माहीत होतं, पण तो गप्प बसला. हे गप्प बसणं दीनमध्ये कुठे बसतं, याचं उत्तर इमाम साहेबांच्या आयुष्यात मिळतं.

कूफ्यातलं दुकान

इमाम साहेबांचं मूळ नाव नुअमान. वडिलांचं नाव साबित. हिजरी सन ८० मध्ये, म्हणजे इ.स. ६९९ मध्ये इराकमधल्या कूफा शहरात त्यांचा जन्म झाला. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, फुरात नदीजवळ वसवलेलं हे शहर. सुरुवातीला लष्कराची छावणी होती, पण काही वर्षांतच तिथे अरब, इराणी आणि दूरदूरचे व्यापारी येऊन राहिले. इमाम साहेबांचं घराणं अरब नव्हतं. त्यांचे आजोबा काबूलकडून आले होते, असं चरित्रकार सांगतात.

घरात व्यापार होता. नुअमानही तरुणपणी त्याच धंद्यात उतरले. खज नावाचं, रेशीम आणि लोकर यांच्या मिश्रणातून विणलेलं भारी कापड ते विकत. कूफ्यात अम्र बिन हुरैस यांच्या वाड्यात त्यांचं दुकान होतं आणि ते सगळ्या शहराला माहीत होतं.

इल्मकडे ते कसे वळले, याचा एक किस्सा सांगितला जातो. एके दिवशी बाजारात जात असताना कूफ्याचे मोठे आलिम इमाम शाबी (रह.) यांनी त्यांना थांबवलं. कुठे निघालास, असं विचारलं. तरुणाने बाजाराचं नाव सांगितलं. तेव्हा शाबींनी त्यांना समजावलं की तुझ्यात हुशारी दिसते आहे, ती फक्त बाजारात घालवू नकोस, आलिमांच्या मजलिसमध्ये बसत जा. ही गोष्ट नुअमान यांच्या मनाला लागली. पुढे ते हम्माद बिन अबी सुलैमान (रह.) यांच्याकडे गेले आणि तब्बल १८ वर्षं त्यांच्याकडे शिकत राहिले. हिजरी १२० मध्ये उस्ताद वारले आणि त्यांची जागा नुअमान यांना चालवावी लागली.

दुकान मात्र बंद झालं नाही. भागीदार रोजचा व्यवहार बघायचे आणि इमाम साहेब हिशेबावर लक्ष ठेवायचे. मिळालेल्या नफ्यातून गरीब आलिमांचा आणि विद्यार्थ्यांचा खर्च चालायचा. त्यांचे सगळ्यात नामवंत शागिर्द इमाम अबू यूसुफ (रह.) गरीब घरातले होते. घरच्यांना वाटायचं की पोराने काहीतरी काम करून चार पैसे आणावेत. इमाम साहेबांनी त्यांचा खर्च उचलला, म्हणून त्यांचं शिक्षण सुटलं नाही. हेच अबू यूसुफ पुढे खलिफा हारून रशीदच्या काळात सगळ्या राज्याचे मुख्य काझी झाले.

एक ऐबवाला कपडा

आता ज्या किश्शासाठी आपण हा लेख लिहायला घेतला, तो पाहू. खतीब बगदादी यांच्या बगदादच्या इतिहासात आणि इतर चरित्रग्रंथांत तो आलेला आहे.

हफ्स बिन अब्दुर्रहमान हे इमाम साहेबांचे भागीदार होते. इमाम साहेबांनी त्यांच्याकडे विक्रीसाठी माल पाठवला आणि सोबत बजावून ठेवलं की यातल्या अमुक कपड्यात ऐब आहे, तो विकताना गिऱ्हाइकाला दाखवून द्यायचा. हफ्सने सगळा माल विकला, पण तो ऐब सांगायचं विसरून गेले. कपडा कोणी नेला, तेही त्यांना आठवेना. इमाम साहेबांना हे कळलं, तेव्हा त्यांनी त्या सगळ्या मालाची आलेली रक्कम सदका करून टाकली. काही ग्रंथांत ही रक्कम ३०,००० दिरहम होती आणि त्यानंतर त्यांनी भागीदारीही मोडली, असं नमूद आहे.

यावर जरा थांबून विचार करू. हफ्सने खोटं बोललं नव्हतं. कपड्याची खोटी तारीफ केली नव्हती. फक्त सांगायचं राहून गेलं होतं, तेही विसरल्यामुळे. खराब कपडा एकच होता, बाकी माल चांगला होता. शिवाय गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलंही नव्हतं. आपल्यापैकी कोणी असतं तर म्हणालं असतं, आला परत तर बघू. पण इमाम साहेबांचा विचार वेगळा होता. ज्याचा हक्क मारला गेला, तो माणूस आता सापडणार नाही. त्याचे पैसे बाकीच्या पैशांत मिसळून गेले आहेत. मग ते सगळेच पैसे आपल्या घरात येता कामा नयेत.

घेताना आणि देताना

ऐब सांगण्याची ही सवय फक्त विकतानाच नव्हती. माल घेतानाही ते तसेच वागायचे. एकदा एक बाई रेशमी कपडा विकायला त्यांच्याकडे आली. तिने १०० दिरहम मागितले. इमाम साहेबांनी सांगितलं की कपड्याची किंमत यापेक्षा जास्त आहे. तिने १०० वाढवले. तरी ते म्हणाले, अजून जास्त आहे. असं करत करत ती ४०० वर आली. तेव्हाही त्यांनी तेच उत्तर दिलं, तर बाईला वाटलं की हे आपली थट्टा करताहेत. शेवटी त्यांनी तिला जाणकार माणूस आणून किंमत ठरवायला सांगितलं, आणि तो कपडा ५०० दिरहमला विकत घेतला.

या बाईला आपल्या वस्तूचा भाव माहीत नव्हता, पण घेणाऱ्याला तो माहीत होता. गावाकडे अडचणीत सापडलेल्या माणसाची जमीन घेताना आपण काय करतो, ते यावरून ताडून बघावं. रस्ता होणार आहे, इथला भाव दुप्पट होणार आहे, हे आपल्याला ठाऊक असतं आणि बिचाऱ्या म्हातारीला ठाऊक नसतं. त्यालाच आपण चांगला सौदा म्हणतो.

दुसरा किस्सा एका वृद्ध स्त्रीचा. तिने येऊन विनंती केली की मी गरीब आहे, कपडा तुम्हाला जेवढ्याला पडला तेवढ्यालाच द्या. इमाम साहेबांनी ४ दिरहम मागितले. इतक्या भारी कपड्याची एवढी कमी किंमत ऐकून तिलाही थट्टा वाटली. मग त्यांनी हिशेब समजावून सांगितला. त्यांनी दोन कपडे एकदम घेतले होते. त्यातला एक विकला, तेव्हा दोन्हींची मिळून जी खरेदी होती ती ४ दिरहम सोडून सगळी वसूल झाली. म्हणजे दुसरा कपडा ४ दिरहमलाच पडला. पडत्या किमतीत देतो म्हटलं, तर ती किंमत खरीच असली पाहिजे. घरात घालून विकतोय म्हणत नफा लपवणाऱ्यांनी हा हिशेब दोनदा वाचावा.

चरित्रकार त्यांच्या व्यापाराची तुलना हजरत अबू बकर सिद्दीक (रजि.) यांच्याशी करतात. तेही कापडाचेच व्यापारी होते.

ही शिकवण आली कुठून?

उगम अर्थातच प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत आहे. मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेत्याने सांगितलं. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला विचारलं की मग ते लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असं स्पष्ट केलं. पाऊस पाडणं त्या माणसाच्या हातात नव्हतं. ओलं धान्य खाली सारणं हातात होतं, आणि जाब त्याचाच विचारला गेला. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचाही अर्थ हाच आहे की विकणारा आणि घेणारा खरं बोलले, ऐब उघड केले तर सौद्यात बरकत होते, लपवलं आणि खोटं बोललं तर बरकत निघून जाते.

इमाम साहेबांनी हीच शिकवण दुकानात पाळली आणि मजलिसमध्ये तिचे नियम बसवले. ऐब कशाला म्हणायचं? हनफी फिकहमध्ये याची व्याख्या अगदी सोपी आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत कमी होते, तो ऐब. असा ऐब सौद्यानंतर निघाला तर घेणाऱ्याला दोन वाटा असतात. ठरलेल्या पूर्ण किमतीत वस्तू ठेवून घ्यावी, नाहीतर परत करून पैसे घ्यावेत. विकलेल्या वस्तूत तिसऱ्याचाच हक्क निघाला, तर किंमत परत करायची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

हजरत उस्मान (रजि.) यांची जमीन

जमिनीचा एक सौदा हनफी ग्रंथांत वारंवार येतो. हजरत उस्मान (रजि.) यांनी बसऱ्याची आपली जमीन हजरत तल्हा (रजि.) यांना विकली. जमीन दोघांनीही पाहिलेली नव्हती. लोकांनी तल्हांना सांगितलं की या सौद्यात तुमचं नुकसान झालं. त्यांनी उत्तर दिलं की मी न बघता घेतली आहे, सौदा मोडायचा अधिकार मला आहे. उस्मानांनाही लोकांनी तेच सांगितलं. त्यांचंही म्हणणं की मी न बघता विकली आहे, अधिकार माझा आहे. दोघांनी हजरत जुबैर बिन मुत्इम (रजि.) यांना मध्यस्थ नेमलं. त्यांनी निकाल दिला की अधिकार तल्हांचा, म्हणजे घेणाऱ्याचा.

इमाम अबू हनीफा (रह.) आधी असं मानत की न पाहता विकणाऱ्यालाही असा अधिकार आहे. पुढे त्यांनी हे मत सोडलं आणि हा अधिकार फक्त घेणाऱ्याचा ठरवला. हनफी ग्रंथ याला आधार म्हणून हाच निकाल देतात. वस्तू विकणाऱ्याच्या ताब्यात असते. तिची माहिती करून घेणं त्याला सोपं असतं. घेणारा अंधारात असतो, म्हणून झुकतं माप त्याला.

जशी आहे तशी

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. विकणाऱ्याने सांगितलं की जशी आहे तशी विकतोय, नंतर कुठल्याही ऐबाला मी जबाबदार नाही, आणि घेणाऱ्याने ते कबूल केलं, तर?

यावर कूफ्यातच मोठा मतभेद झाला. शहराचे काझी इब्ने अबी लैला (रह.) म्हणायचे की प्रत्येक ऐब नाव घेऊन सांगितल्याशिवाय विक्रेता मोकळा होत नाही. अबू हनीफा (रह.) म्हणायचे की अशी अट चालते, एकेक ऐब मोजून दाखवला नाही तरी चालते. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी या दोघांच्या मतभेदांवरच्या आपल्या किताबमध्ये हे नोंदवलं आहे. इमाम साहेबांच्या बाजूने दलील अशी दिली जाते की घेणारा स्वखुशीने आपला हक्क सोडतो आहे, आणि हक्क सोडताना सगळा तपशील माहीत नसला तरी त्यातून भांडण उभं राहत नाही. शाफई मसलकात मात्र जमिनीसारख्या मालात अशी सरसकट अट विक्रेत्याला वाचवत नाही.

आपल्यातले काही चतुर लोक इमाम साहेबांच्या या मताचा आधार घेतात. कागदावर एक ओळ टाकली की झालं, असं त्यांना वाटतं. पण हीच हनफी फिकह असंही सांगते की माहीत असलेला ऐब लपवणं हलाल नाही. काझीसमोर अट टिकेल, दावा फेटाळला जाईल, पण लपवल्याचा गुन्हा अल्लाहसमोर शिल्लक राहील. आणि ज्यांनी हा नियम सांगितला, त्यांनी स्वतः काय केलं? एका कपड्याचा ऐब सांगायचा राहिला म्हणून सगळ्या मालाचे पैसे सदका केले. फतवा काझीच्या दरबारासाठी होता, तकवा स्वतःसाठी. आपण नेमकं उलटं करतो. सवलत स्वतःसाठी ठेवतो आणि तकवा दुसऱ्याला शिकवतो.

दरबाराला नकार

इमाम साहेबांच्या आयुष्याचा शेवटचा भाग कष्टाचा गेला. उमय्या राजवटीच्या अखेरीस इराकचा सुभेदार इब्ने हुबैरा याने त्यांना सरकारी पद देऊ केलं. त्यांनी नकार दिला. रिवायतींमध्ये येतं की त्यांना रोज १० याप्रमाणे ११० फटके मारण्यात आले, तरी ते बधले नाहीत. सुटल्यावर ते मक्केला गेले आणि राजवट बदलल्यावर कूफ्याला परतले.

अब्बासी खलिफा मन्सूरने हिजरी १४५, म्हणजे इ.स. ७६२ मध्ये बगदाद वसवायला घेतलं. त्यालाही इमाम साहेब काझी म्हणून हवे होते. आपण या पदाच्या लायक नाही, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही खोटं बोलता, असं मन्सूर म्हणाला. त्यावर त्यांनी उत्तर दिलं की मग निकाल तुम्हीच दिलात, खोटं बोलणारा माणूस काझी कसा होईल? तबरीच्या इतिहासात असंही येतं की बगदादच्या बांधकामात विटांची मोजणी त्यांच्याकडे देण्यात आली होती. काझीपद न घेणाऱ्या माणसाने विटा मोजणं पत्करलं.

शेवटी त्यांना कैदेत टाकण्यात आलं आणि हिजरी १५०, म्हणजे इ.स. ७६७ मध्ये बगदादमध्ये त्यांचं निधन झालं. गर्दी एवढी की जनाज्याची नमाज सहा वेळा अदा करावी लागली, असं सांगतात.

मरतानाही त्यांच्या मनात जमिनीचा विचार होता. रिवायत अशी आहे की, जी जमीन कोणाकडून बळकावलेली नाही अशाच ठिकाणी मला दफन करा, अशी वसियत त्यांनी करून ठेवली होती. बगदादच्या आसपासची काही जमीन लोकांकडून जबरदस्तीने घेतली गेली होती, असं त्यांचं मत होतं. म्हणून खैजुरान कबरस्तानची जागा निवडण्यात आली. हे कळल्यावर, जिवंतपणी आणि मेल्यानंतरही या माणसासमोर माझी बाजू कोण सांभाळणार, अशा अर्थाचे उद्गार मन्सूरने काढले म्हणतात. बगदादचा तो भाग आज इमाम-ए-आझम या त्यांच्या लकबवरून आझमिया म्हणून ओळखला जातो.

आपल्या व्यवहारात

कबरीपुरत्या जमिनीचीही ज्यांनी चौकशी केली, त्यांचे अनुयायी म्हणवून घेताना आपल्या खरेदीखताकडे एकदा बघायला हवं. कायदाही आपल्याकडून हेच मागतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं की मालमत्तेत किंवा विकणाऱ्याच्या मालकी हक्कात काही महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळण्यासारखा नसेल, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

मग इसार घेण्याआधी काय काय सांगायचं? सातबाऱ्यावर नाव आपलं असलं तरी बहिणींचा, आत्यांचा हिस्सा दिला आहे का? हक्कसोड पत्र त्यांनी खरंच राजीखुशीने केलं आहे की भावांनी दबावाखाली सही घेतली? जमिनीवर बँकेचा बोजा आहे का? कोर्टात दावा चालू आहे का? भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर परवानगी लागणार आहे का? शेजाऱ्याची वहिवाट आपल्या बांधावरून आहे का? विहीर उन्हाळ्यात आटते का? जागा मुळात वक्फची तर नाही ना? यातलं जे आपल्याला माहीत आहे, ते दलालाच्या नव्हे तर आपल्या तोंडून, घेणाऱ्याच्या कानावर गेलं पाहिजे. शक्य असेल तर साठेखतातच लिहून टाकावं.

असं केलं तर भाव कमी येईल, ही भीती खरी आहे. कधीकधी सौदा मोडेलही. इमाम साहेबांनाही तोटा झालाच होता, तोही सगळ्या मालाचा. त्यांनी तो सोसला, कारण ते पैसे मुलाबाळांच्या पोटात जाणार होते. आपल्या घरी जमिनीचा व्यवहार ठरत असेल, तर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एवढं एकच विचारावं की या जमिनीबद्दल आपल्याला माहीत असलेलं असं काय आहे, जे समोरच्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. जे निघेल, ते त्याच दिवशी त्याला सांगून यावं.